उत्तर गटाची वही

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहून आता बरेच महिने झाले. त्या शेवटच्या पत्रात तारीख सोडली तर खरं काही नव्हतं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखी हवापाण्याच्या गप्पा मारत बसेन आणि पान संपेल.

आज लिहायला बसले त्याला कारण कदमकाका. तुम्ही बोटीवर सेकंड इंजिनियर, ते थर्ड, रत्नागिरीकडचे. ‘माणूस सोन्यासारखा, पण पाना घेतला की जागेवर ठेवत नाही’ असं तुम्ही ज्यांच्याबद्दल म्हणायचात, ते. काल सकाळी ते इथे सिंगापूरला, यिशुनच्या आपल्या फ्लॅटवर आले होते. तुमची बॅग कंपनीनं ऑगस्टमध्येच पाठवली होती. तिच्यात तुमचा चष्मा होता, शर्ट होते, देवाचा छोटा फोटो होता, पण वही नव्हती. खरं सांगू? मी सुटले होते. वही कुणी रद्दीत टाकली असेल, नाहीतर समुद्रात गेली असेल, असं मी धरून चालले. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मला एका गोष्टीचं बरं वाटलं, आणि ती ही होती. अशी लेक कुणाला असते का हो?

कदमकाकांनी पिशवीतून हिरव्या पुठ्ठ्याची ती वही काढली. म्हणाले, “सेकंडसाहेबांनी एप्रिलमध्येच सांगून ठेवलं होतं गं. मी ऑगस्टला साइन ऑफ होऊन घरी जाणार होतो ना, तेव्हा जाताना वैजूला देऊन जा म्हणाले. वहिनींकडे नको, तिच्याच हातात दे. मग हे असं झालं, आणि माझं घरी जाणंही लांबलं.”

पुठ्ठ्यावर तुमच्या ठसठशीत अक्षरात ‘उत्तर गट’. मी ती आईसमोर उघडली नाही. उशीखाली ठेवली आणि आज दुपारी, आई जरा पडली तेव्हा, जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले.

तुम्हाला आठवतंय, मी कॉलेजच्या हॉकी संघात गोलकीपर म्हणून आले तेव्हा तुम्ही काय विचारलंत? बाकीच्या मुलींचे वडील विचारायचे, जिंकलात का. तुम्ही विचारलंत, “तुमचा गट कोणता? आणि गटात आणखी कोण?” कॉलेजांचे तीन गट होते, उत्तर, पश्चिम आणि पूर्व. आधी गटातल्या गटात खेळायचं, मग दुसऱ्या गटांशी. आम्ही चार कॉलेजं उत्तरेतली. तुमच्या दृष्टीनं मी एका कॉलेजची नव्हतेच, अख्ख्या उत्तरेची होते. आम्हाला तीन गोलांनी हरवणारं कॉलेज पश्चिमेशी खेळायला गेलं की तुम्ही त्यांच्या बाजूचे.

“अहो बाबा, त्यांनी आम्हाला धुतलंय,” मी चिडून म्हटलं होतं.

“धुतलं ना? मग आता पश्चिमेलाही धुऊ देत. म्हणजे आपण चांगल्या लोकांकडून हरलो असं ठरेल.”

खडकीला तुम्ही हाफबॅक होतात तेव्हापासूनचं हे वेड. पहिले दोन सामने तुम्ही सुट्टीवर असताना झाले, आणि स्टँडमध्ये बसून तुम्ही ही वही भरलीत. पट्टीनं आखलेली पानं, डावीकडे आपला संघ, उजवीकडे समोरचा, मधे गोल, शेवटी गोलकीपरचं नाव, आणि अगदी कडेला सहीची जागा. हुबेहूब तुमच्या इंजिन रूमच्या लॉगबुकासारखी.

आणि लॉगबुकाचे नियम घरातही लागू. खोडरबर नाही. पांढरी शाई नाही. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी सही. ज्याची चूक त्याची सही. प्राथमिक शाळेत मी गणिताच्या वहीत असंच करायचे. रेघ, नवीन उत्तर आणि शेजारी ‘वै.’. बाईंनी आईला बोलावून विचारलं होतं, ही मुलगी पानोपानी कसली चित्रं काढते? तुम्ही हे ऐकून इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणालात, “त्यांना सांग, खाडाखोड लपवणारा इंजिनियर एक दिवस बोट बुडवतो.” मी बाईंना तसं सांगितलंही. मग दुसऱ्यांदा आईला शाळेत जावं लागलं.

आता बुकित बातोकचं सांगते. सगळं सांगते.

पश्चिमेशी आमचा पहिला सामना त्यांच्या मैदानावर, बुकित बातोकला होता. तुम्ही तेव्हा बोटीवर होतात. आदल्या गुरुवारी पेनल्टी कॉर्नरचा सराव होता, आणि कोचनी मला बजावून सांगितलं होतं की त्यांची ती उंच मुलगी डावीकडे खाली मारते, ते कसं अडवायचं ते बघायला ये. मी गेले नाही. वर्गातल्या मुली सिनेमाला चालल्या होत्या, मीही गेले. एवढंच कारण, याहून मोठं काही नाही. शनिवारी त्या मुलीनं डावीकडे खाली मारले. एक, दोन, तीन. तिसऱ्यानंतर मला इतका राग आला, स्वतःचा, तिचा, सगळ्या जगाचा, की चौथ्या आणि पाचव्या गोलाला मी हललेच नाही. चेंडू माझ्या बुटाजवळून गेला आणि मी बघत उभी राहिले.

पाच-शून्य.

सामन्यानंतर आमची कॅप्टन श्यू लिंग माझ्याकडे आली. मला वाटलं ओरडेल. ती आपल्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये फक्त म्हणाली, “यू नेव्हर ईव्हन ट्राय, लाह.” बसमध्ये कुणीच माझ्याशी बोललं नाही. सोमवारी मी कोचना जाऊन सांगितलं की मी आता येणार नाही. त्यांनी काढलं नाही बाबा. ते म्हणाले होते, दोन आठवडे राखीव खेळाडूंत बस, मग बघू. मीच तणतणत निघून आले. नाक वर करून, जणू त्यांनीच माझं काही बिघडवलं होतं.

आणि तुम्हाला लिहिलं, एक-एक, बरोबरी.

का लिहिलं? तुम्ही रागवाल याची भीती नव्हती. तुम्ही हरण्यावरून कधी रागावलातच नाही. मला ‘मी हललेच नाही’ हे लिहायचं नव्हतं. पाच-शून्य लिहिलं असतं तर तुम्ही नक्की विचारलं असतं, कसे गेले, कुठून गेले. तुमच्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा बरोबरी लिहिणं सोपं वाटलं.

कंपनीच्या ऑफिसातल्या टपालाच्या थैलीतून पत्र बोटीवर पोचायला आणि तुमचं उत्तर यायला दीड महिना जायचा. तुमचं उत्तर आलं तेव्हा मी हे विसरूनही गेले होते. तुम्ही लिहिलं होतं, “पश्चिमेशी बरोबरी म्हणजे साधी गोष्ट नाही. तू किती अडवलेस ते लिहिलं नाहीस. आणि बाकीच्या तिघांचं काय झालं? तीन ओळी रिकाम्या आहेत.”

तुमच्या त्या तीन रिकाम्या ओळी! कॉलेजात कुणालाही विचारलं असतं तर निकाल कळले असते. पण विचारायचं म्हणजे हॉकीच्या मुलींसमोर उभं राहायचं. त्यापेक्षा मी आपल्या मनानंच ठोकून दिले. एका संघाला बरोबरी, दोघांना विजय. मग पूर्वेशी चार सामने. तेही घरबसल्या. पूर्वेच्या एका सामन्यात तर मी पेनल्टी स्ट्रोक अडवला, उजव्या हाताच्या ग्लव्हच्या टोकानं. एक खोटं झाकायला मी अख्खी उत्तर जुंपली. माझ्या पत्रांमध्ये आपला गट कुणाला ऐकत नव्हता.

आणि दर मंगळवारी-गुरुवारी मी किट बॅग खांद्याला लावून घरातून निघत होते. आई दारात विचारायची, “पाणी घेतलंस?” मी घेतलं म्हणायचे आणि लायब्ररीत जाऊन दोन तास बसायचे. येताना नळावर जाऊन केस ओले करायचे, घाम आल्यासारखे. आज हे लिहिताना कान तापलेत माझे.

सुरुवातीची तुमची उत्तरं लांबलचक असत. पेनल्टीच्या पत्राला तर तुम्ही चार पानी उत्तर पाठवलंत आणि आईला वेगळं पत्र लिहिलंत की लेकीनं नाव काढलं. त्यानंतरचं पत्र मात्र छोटं होतं. त्यात हॉकी नव्हती. “तुझी तब्येत कशी आहे? कॉलेजात एकटी पडतेस का? काही बोलायचं असेल तर लिही, मला वाचायला वेळ असतो.” मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, चला, बाबांना आता हॉकीचा कंटाळा आला. किती मठ्ठ मी.

काय झालं होतं ते काल कदमकाकांकडून कळलं. तुमची बोट तेल भरायला सिंगापूरच्या बाहेर एक दिवस थांबली होती. किनाऱ्यावर उतरायची परवानगी नव्हती. लाँचवाल्याकडून तुम्ही जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मागवलात, लेकीच्या फोटोसाठी. पेनल्टी अडवली म्हणजे फोटो तर छापला असेलच, असं सगळ्यांना सांगत होतात म्हणे. कोपऱ्यात बारीक टाइपात कॉलेजांचे निकाल होते. तुम्ही चष्मा पुसून सगळे पेपर बघितलेत. पहिल्यापासून.

कदमकाका सांगत होते, “कंट्रोल रूममध्ये साहेबांनी तुमच्या गटाचा तक्ता लावला होता. आमचा फिटर फिलिपिनो, त्याला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज विचारायचा, सर, नॉर्थ विन? त्या दिवशी साहेबांनी तक्ता काढला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, रीडिंग चुकीची येत होती. मी म्हटलं, मग गेज बदला. तर म्हणाले, गेज चांगलं आहे रे, दमलंय जरा.”

बाबा, तुम्ही मला दमलेली म्हणालात. मी दमले नव्हते. मी खोटं बोलत होते.

यंदा मार्चमध्ये तुम्ही तीन आठवडे घरी आलात. मी सारखी बडबडत होते. तुम्ही विचारलंत, “या आठवड्यात सामना आहे का गं?” मी म्हटलं, नाही बाबा, आमचा टप्पा संपला, आता एप्रिलपर्यंत काही नाही. तुम्ही म्हणालात, “बरं.” माझ्या पलंगाखालून तुम्हीच घेऊन दिलेले पॅड काढलेत आणि ओल्या फडक्यानं पुसलेत. त्यांच्यावर बोटभर धूळ होती. दर आठवड्याला खेळणाऱ्या मुलीच्या पॅडवर धूळ कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत. पुसलेत, उन्हात ठेवलेत आणि परत जागेवर लावलेत.

बुधवारी तुम्ही कंपनीच्या मेडिकलला जातो म्हणून गेलात आणि संध्याकाळी आलात. नाक लाल झालं होतं. आई म्हणाली, “डॉक्टरनं उन्हात उभं केलं होतं की काय?” तुम्ही हसलात. मीही हसले.

वहीत त्या बुधवारची ओळ आहे. आमचं कॉलेज आणि पूर्वेचं कॉलेज, दोन-तीन, हरलो. खाली बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, “प्रत्यक्ष पाहिला. गोलकीपर दुसरी मुलगी आहे. चांगली आहे. पुढे यायला कचरते. वैजू कचरत नसे.” शेवटी तुमची सही.

माझ्याशिवायच्या माझ्या संघाचा सामना बघायला तुम्ही एकटे जाऊन बसलात? तिथे कुणी विचारलं असेल, तुमची मुलगी कोणती? काय सांगितलंत?

आणि तुम्ही मला का नाही विचारलंत हो? एवढा एक राग आहे माझा तुमच्यावर. कान धरायचा होता. ओरडायचं होतं. इंजिन रूममध्ये तुमचा आवाज तीन मजले वर जायचा असं कदमकाका सांगतात, मग घरात त्याला काय झालं होतं? तुम्ही ओरडला असता तर मी रडले असते, दोन दिवस तोंड फुगवलं असतं, आणि सगळं सांगून मोकळी झाले असते. असं लिहितेय खरी, पण हेही मला लंगडंच वाटतंय. कारण तुम्ही विचारलं होतंत.

धक्क्यावर. लाँच लागलेली होती, तुमची बॅग वर गेली होती. तुम्ही मागे वळून म्हणालात, “वैजू, वहीत काही भरायचं राहिलंय का गं?”

मी म्हटलं, “नाही बाबा.”

तुम्ही लाँचच्या शिडीला हात घातलात. मग म्हणालात, “बरं. आईला सांभाळ.” तुमचं माझं तेच शेवटचं बोलणं. ऑगस्टमध्ये भर समुद्रात तुमचं हृदय थांबलं, आणि तेव्हापासून रोज अंघोळ करताना मला ते ‘नाही बाबा’ ऐकू येतं.

आज वही उघडली. पश्चिमेचे चार, पूर्वेचे चार आणि यंदाचे, तुम्ही मार्चमध्ये यायच्या आधी मी कळवलेले तीन. माझे अकरा खोटे निकाल, तुमच्या हातानं भरलेले. प्रत्येकावर पट्टीनं मारलेली एक बारीक रेघ. खालचं स्वच्छ वाचता येतं. बुकित बातोकच्या एक-एकवर रेघ, वर शून्य-पाच. विजयांवर रेघ, वर हार. पेनल्टीवर रेघ, आणि गोलकीपरच्या रकान्यात माझ्या नावावर रेघ. एका ठिकाणी मात्र तुम्ही माझी बरोबरी खोडून वर विजय लिहिलाय. आपल्या गटातल्या त्या धुणाऱ्या कॉलेजनं पश्चिमेला खरोखरच हरवलं होतं, दोन-शून्य, आणि मी ऐटीत त्यांना बरोबरी देऊन बसले होते. त्याच्याशेजारी तुम्ही बारीक बरोबरची खूण केलीय. तेवढ्यातही आनंद मानलात.

पण अकराही ठिकाणी सही नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. खरा निकाल आहे, रेघ आहे, आणि कडेला सहीची जागा कोरी. तुम्ही, आणि सही विसरलात?

म्हणून मघाशी कदमकाकांना फोन केला. त्यांची बोट संध्याकाळी सुटणार, म्हणून घाईनं. ते म्हणाले, “अगं, मीही एकदा टोकलं होतं त्यांना. साहेब, सह्या राहिल्यात. तर म्हणाले, त्या माझ्या नाहीत, ज्याच्या आहेत त्याच्याकडे वही तूच घेऊन जायची आहेस. मला वाटलं असेल काहीतरी तुमचं बापलेकीचं.”

फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. आवाज न करता, आई जागी होऊ नये म्हणून. तेवढ्यात ती उठलीच. तिनं चहा टाकला, माझ्यासमोर कप ठेवला, कागद बघितला.

“बाबांना लिहितेस?”

मी मान हलवली.

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “लिही. आणि ते पेनल्टीचं लिही गं. फार आवडायचं त्यांना ते.”

तिला काहीच ठाऊक नाही बाबा. तुम्ही तिलाही सांगितलं नाहीत. तुमच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं, की शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी लेकीची हॉकी होती. लोक माझ्याकडे वळून बघायचे आणि मी पाण्याचे ग्लास भरत राहायचे. तुम्ही गेल्यावरही माझं खोटं चालूच होतं, फक्त आता ते आई बोलत होती.

आता तुमच्यासमोर कबूल करते. दहा सह्या आत्ता, हे पत्र लिहिता लिहिता केल्या. शाळेतल्यासारख्याच, ‘वै.’. सह्या वाकड्या आल्या, पण खोडल्या नाहीत. अकरावी, बुकित बातोकची, शिल्लक ठेवलीय. आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसलीय. हे पान संपलं की वही घेऊन तिच्याकडे जाणार, ती पहिली खोटी ओळ तिला वाचून दाखवणार आणि तिच्यासमोर सही करणार. ती काय म्हणेल माहीत नाही. पेनल्टीचं ऐकून तिचा चेहरा कसा होईल, ते बघायची हिंमत मला होत नाहीये. तरी जाते.

आणि एक. माझं कॉलेज तर या महिन्यात संपतंय, पॅड बांधायची वेळ मी घालवली. पण नव्या वर्षी पुन्हा सामने सुरू होतील, आणि वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. उत्तरेचे पश्चिमेशी चार, पूर्वेशी चार, मी स्वतः जाऊन बघेन. श्यू लिंग भेटली तर तिला तोंड देईन. हरलो तर हार लिहीन, गोल कसे गेले तेही लिहीन, आणि चुकले तर एकच रेघ मारीन.

आई विचारतेय, झालं का लिहून. तिला म्हटलं, एक सही राहिलीय, आले.

तुमची,
वै.